पिकाची गंजी

ती. आजीस,
शि. सा. नमस्कार.

परवाच्या रविवारी डेन्व्हरहून रॉकी पर्वतात गेलो होतो. तिथला ट्रेल रिज रस्ता ३,७०० मीटरच्या वर चढतो, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच. गाडीतून उतरून शंभर पावलं गेलो नाही तोच धाप लागली. खरं सांगू, पिका नावाचा तिथला इवलासा प्राणी दिसला तो दम खायला बसलो म्हणून!

आधी आवाज आला, ‘ईप्!’ बाळाचं रबरी खेळणं दाबावं तसा. मग दगडांच्या राशीतून मूठभर जीव बाहेर आला. गोल कान, शेपूट नसल्यात जमा. बघणारा उंदीरच म्हणेल, पण कूळ सशाचं. तोंडात देठांसकट पिवळी फुलं आडवी धरलेली, झुपकेदार मिशांसारखी. दगडाखाली शिरायचा, रिकामा बाहेर यायचा, की पुन्हा नवा भारा. सात खेपा मोजल्या, मग नाद सोडला.

खाली त्याची गंजी असते. तिथलाच मार्मोट, म्हणजे खारीच्या कुळातला मोठा प्राणी, चरून लठ्ठ होतो आणि हिवाळाभर झोपतो. हा मात्र बर्फाखाली जागा राहून साठवलेलं खातो. काही पाला कडू, विषारी असतो. तो नासत नाही, म्हणून आधी रचून ठेवायचा आणि कडूपणा उतरला की खायचा. तुझ्या लोणच्याच्या बरण्या आठवल्या.

पण आजी, याला ऊन सोसत नाही. दगडाआड गारव्याला जाता आलं नाही, तर पंचवीस-सव्वीस अंशांतही काही तासांत दगावतो. आपल्याकडे एवढ्यात पंखाही लावत नाहीत! आणि बर्फ कमी पडला तर वरचं पांघरूणच जातं, मग गारठ्याने मरतो. नेवाडाकडच्या कोरड्या डोंगरांवरच्या कित्येक जुन्या जागा रिकाम्या झाल्यात. इथे अजून बरे आहेत. उन्हाळा तापला की वर सरकायचं म्हटलं, तर वर आभाळच; दुसऱ्या शिखरावर जायला मधली तापलेली दरी ओलांडावी लागते. २०१० मध्ये इथल्या अमेरिकी सरकारने पिकाला संकटग्रस्तांच्या यादीत घ्यायला नकार दिला. मला ते पटलेलं नाही.

तिथे एक जण मार्मोटला चिप्स टाकत होता. मी हटकलं, तर माझ्याकडेच बघून हसला.

फोटो पाठवतोय. चष्मा लावून बघ, डावीकडच्या दगडावरचा करडा ठिपका म्हणजे तो.

तुझा,
बंटी