आकाशाची दिनदर्शिका आपल्या गावच्या घड्याळाने छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

डिसेंबर सरत आला की ‘येत्या वर्षी आकाशात काय काय घडणार’ अशी चौकट बहुतेक मराठी वृत्तपत्रांत येते. ती यावीच. शाळेच्या फळ्यावर ती उतरवली जाते, सहली तिच्यावरून ठरतात, पोरे गजर लावून झोपतात. म्हणूनच ती अचूक असावी, एवढ्यासाठी हे पत्र. या चौकटींतल्या तारखा बहुधा ग्रीनविचच्या वेळेप्रमाणे आणि युरोप-अमेरिकेच्या आकाशासाठी केलेल्या याद्यांमधून जशाच्या तशा उचललेल्या असतात. आपले घड्याळ साडेपाच तास पुढे आहे, आपण विषुववृत्ताला बरेच जवळ आहोत आणि आपल्याकडे चार महिने पाऊस असतो. या तीन गोष्टी विसरल्या की खरी तारीखही वाचकाला फसवते. 2026 सालच्याच घटना घेऊन हे सांगतो.

आधी ग्रहणे, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो. 2026 मध्ये दोन सूर्यग्रहणे आणि दोन चंद्रग्रहणे आहेत. 17 फेब्रुवारीचे कंकणाकृती सूर्यग्रहण अंटार्क्टिकाकडचे. 12 ऑगस्टचे खग्रास सूर्यग्रहण ग्रीनलंड, आइसलंड आणि स्पेनमधून दिसेल. ते ऐन भरात येईल तेव्हा आपल्याकडे रात्रीचे सव्वाअकरा वाजलेले असतील. त्या दिवशी आषाढ अमावस्या, म्हणजे दिव्यांची अवस. 28 ऑगस्टला राखी पौर्णिमा आणि खंडग्रास चंद्रग्रहण एकाच दिवशी आहेत. पण पृथ्वीची गडद सावली चंद्रावर चढू लागेल ती भारतीय वेळेप्रमाणे सकाळी आठच्या सुमारास, आणि चंद्र त्याआधीच मावळलेला असेल. तेव्हा ‘राखीला ग्रहण’ असा मथळा देऊन शेवटच्या ओळीत ‘भारतातून दिसणार नाही’ असे बारीक टाइपात छापू नये. ‘दिसणार नाही’ हे शब्द मथळ्यातच हवेत. जे ग्रहण दिसत नाही त्याचे वेध पाळायचे नसतात, हे पंचांगकर्तेही सांगतात.

राहिले 3 मार्चचे, फाल्गुन पौर्णिमेचे खग्रास चंद्रग्रहण. भारतात दिसणारे वर्षातले हे एकच ग्रहण, पण ‘महाराष्ट्रातून दिसणार’ एवढ्या दोन शब्दांत त्याची वासलात लावता येत नाही. खग्रास स्थिती भारतीय वेळेप्रमाणे दुपारी 4 वाजून 34 मिनिटांपासून 5 वाजून 33 मिनिटांपर्यंत आहे. त्या वेळी महाराष्ट्रात चंद्र क्षितिजाखालीच असेल, त्यामुळे लाल चंद्र आपल्याला दिसणार नाही. खंडग्रास भाग 6 वाजून 47 मिनिटांनी संपतो. नागपूरला चंद्र 6.20 च्या आसपास उगवतो, म्हणजे तिथे पंचवीसेक मिनिटे एका बाजूने कुरतडलेला चंद्र पूर्वेला दिसेल. त्यासाठी पूर्वेचे क्षितिज मोकळे हवे, इमारती आणि झाडे आड येता कामा नयेत. मुंबई नागपूरच्या सहा अंशांहून थोडी जास्त पश्चिमेला आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने तिथे चंद्रोदय पंचवीसेक मिनिटे उशिरा होतो, आणि तोवर ग्रहणाचा दिसण्याजोगा भाग संपत आलेला असतो. विदर्भाने बाहेर पडावे, कोकणाने फार आशा धरू नये, असे स्पष्ट लिहिले तर लोक मरीन ड्राइव्हवर ताटकळणार नाहीत. (मरीन ड्राइव्ह पश्चिमेकडे तोंड करून आहे, पौर्णिमेचा चंद्र पूर्वेला उगवतो, हेही दरवेळी सांगावे लागते.) कोलकात्याचे पोझिशनल ॲस्ट्रॉनॉमी सेंटर ग्रहणांच्या शहरवार वेळा काढते. त्या घ्याव्यात.

आता उल्कावर्षाव. परदेशी याद्यांत मानाचे पान असते ऑगस्टच्या ययाती उल्कावर्षावाला, म्हणजे पर्सिड्सना. 2026 मध्ये 12-13 ऑगस्टला अमावस्या असल्याने त्याचे कौतुक आणखीच होईल. महाराष्ट्राला त्याचा उपयोग जवळजवळ नाही. ऐन पावसाळा हे पहिले कारण. दुसरे असे की या उल्का ज्या बिंदूतून येताना भासतात तो खूप उत्तरेला, 58 अंशांवर आहे. आपल्याकडे तो मध्यरात्री क्षितिजापासून फारसा वर नसतो आणि चांगला वर येतो तो पहाटेकडेच.

उलट एप्रिलच्या स्वरमंडल उल्कावर्षावाचा, लायरिड्सचा, उल्लेख एका ओळीत उरकला जातो, आणि 2026 मध्ये तोच आपल्यासाठी उत्तम जमून आला आहे. कमाल वेळ ग्रीनविचप्रमाणे 22 एप्रिलला संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतर एकच्या पुढे. तारीख झाली 23. चंद्र पंचमी-षष्ठीचा, मध्यरात्रीच्या सुमारास मावळणारा. स्वरमंडलातला अभिजित तारा ईशान्येला वर चढलेला, आकाश उन्हाळ्याचे आणि कोरडे. संख्या मोठी नाही, आदर्श स्थितीत तासाला 18. पण चौकटीत नुसते ‘22 एप्रिल’ छापले तर अर्धे लोक 22 च्या पहाटे उठतील आणि एक रात्र आधीच बघून निराश होतील. मध्यरात्रीनंतरच्या प्रत्येक घटनेसाठी ‘बुधवार 22 ची रात्र, गुरुवार 23 ची पहाट’ असे दोन्ही वार लिहिण्याची पद्धत ठेवा. एवढ्या एका सुधारणेने निम्म्या तक्रारी मिटतील.

डिसेंबरच्या मिथुन उल्कावर्षावाचेही, जेमिनिड्सचेही, असेच आहे. याद्यांत ‘13-14 डिसेंबर’ असते. 2026 मध्ये कमाल वेळ आपल्याकडे 14 तारखेला संध्याकाळी साडेसातच्या आसपास येते, तेव्हा 13 पेक्षा 14 ची रात्र जास्त चांगली. चंद्र रात्री साडेदहाच्या सुमारास मावळेल. अकरापासून पुढचे तीन-चार तास सर्वांत मोलाचे. दोनच्या सुमारास मिथुन रास जवळजवळ डोक्यावर येते. ‘तासाला 150 उल्का’ हा आकडा मात्र जसाच्या तसा छापू नका. तो साडेसहा प्रतीपर्यंतचे (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) तारे दिसतील इतक्या काळ्याभोर आकाशाचा आणि उल्काबिंदू थेट डोक्यावर असतानाचा आहे. आकाश एका प्रतीने उजळले की जेमिनिड्सची दिसणारी संख्या सुमारे 2.6 पटीने घटते. शहरात चौथ्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात असे धरले तर अडीच प्रतींचा फरक पडतो, म्हणजे संख्या अकरापटीने कमी: तासाला तेरा-चौदा. दीडशेच्या आशेने सोसायटीच्या गच्चीवर गेलेला माणूस अर्ध्या तासात पाच-सहा उल्का पाहून ‘सगळे खोटे’ म्हणत खाली उतरतो. त्याला आधीच सांगा की कृत्तिकेत सहा तारे नुसत्या डोळ्यांनी मोजता येतील अशा जागी जा, पाठीवर झोपा, वीस मिनिटे मोबाइल उघडू नका.

ग्रहांच्या बाबतीत एका तारखेचा अट्टाहास सोडावा. 9 जूनला शुक्र आणि गुरू यांच्यातले अंतर अवघे 1.6 अंश, म्हणजे हात लांब धरून पाहिले तर दीड करंगळीएवढे असेल. दृश्य देखणेच असणार. पण मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून आहे. नेमके 9 ला ढग असले तर? म्हणून ‘6 ते 12 जून, सूर्यास्तानंतर पाऊण तासाने, पश्चिमेला, क्षितिजापासून सुमारे दोन मुठी वर’ असे लिहा. त्या सगळ्या आठवड्यात दोघांमधले अंतर साडेतीन अंशांच्या आतच राहते. शनीची प्रतियुती (पृथ्वीच्या एका बाजूला सूर्य आणि नेमका विरुद्ध बाजूला शनी) 4 ऑक्टोबरला आहे, तेव्हा पाऊस बहुधा नुकताच परतत असतो. पण नोव्हेंबरमध्ये शनी जवळजवळ तेवढाच तेजस्वी असतो आणि संध्याकाळीच उंच आलेला सापडतो, म्हणून शाळांच्या दुर्बिणींचे कार्यक्रम नोव्हेंबरातच ठेवावेत. 16 नोव्हेंबरची मंगळ-गुरू युती सिंह राशीत, मघेजवळ, मध्यरात्रीनंतर पूर्वेला. अंतर सव्वा अंशाच्या आत. ही आमच्या मते 2026 ची सर्वांत खात्रीची घटना आहे, कारण त्या वेळी आकाश धुतलेले असते.

आणि आता ती गोष्ट जी परदेशी याद्यांत कधीच नसते: शून्य सावली दिवस. कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेला असल्यामुळे राज्यातल्या प्रत्येक गावावर सूर्य वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो. जुलै-ऑगस्टची खेप ढगांत जाते, मे महिन्याची हाती लागते. पण राज्यासाठी एकच तारीख नसते. सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासून तो किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते) तुमच्या अक्षांशाएवढी होते तो तुमचा दिवस. पणजीला 2-3 मे, कोल्हापूरला 6-7, पुण्याला 13-14, मुंबईला 15-16, नागपूरला 26, आणि सातपुड्यातल्या टोकाच्या गावांना महिनाअखेर. मेच्या मध्यात हा दिवस रोज सुमारे 26 किलोमीटर उत्तरेला सरकतो. कुलाबा ते दहिसर हे दक्षिणोत्तर अंतर त्याहून जास्त, म्हणजे एकट्या मुंबईतच दोन तारखा.

वेळेची चूक याहून घातक. ‘दुपारी बारा वाजता’ असे सर्रास छापले जाते. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आहे. मेमध्ये मुंबईची खरी मध्यान्ह येते 12.35 ला, पुण्याची 12.31 ला, नागपूरची 12.10 च्या पुढे. मुंबईत बाराला उभ्या केलेल्या 30 सेंटिमीटरच्या काठीची सावली चार सेंटिमीटरांहून लांब पडते, आणि मुले शिक्षकांकडे बघतात. याउलट एक दिवस पुढेमागे झाला तर त्याच काठीच्या सावलीत फक्त सव्वा मिलिमीटरचा फरक पडतो, तो डोळ्याला कळतही नाही. तेव्हा सुट्टीच्या वारी प्रयोग केला तरी चालेल, पण घड्याळ चुकवून चालणार नाही. शाळांत प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा जमिनीमुळे. गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी ढाळ दिलेला असतो. शंभराला एक एवढा साधा ढाळही 30 सेंटिमीटरच्या काठीला तीन मिलिमीटरची सावली देतो, तारखेच्या चुकीपेक्षा दुपटीहून जास्त. म्हणून गवंड्याचा ओळंबा आणा आणि काठी दोन बाजूंनी त्याच्याशी ताडून उभी करा, किंवा पाइपाचा सरळ कापलेला तुकडा घेऊन त्याखाली कागदाच्या घड्या सारून तो ओळंब्यात आणा. पाइप जास्त चांगला, कारण मध्यान्हीला उजेडाची गोल चकती आतून थेट तळाला उतरते आणि मागच्या रांगेतल्या मुलालाही ती दाखवता येते. वीस मिनिटे आधीपासून दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक खडूने टिपत राहा; सावली आखडत आखडत बुंध्याशी येते, हे पाहण्यातच खरा आनंद आहे. मुलांना सूर्याकडे वर बघू देऊ नका.

ज्या गोष्टींना जागा कमी दिली तरी चालेल अशाही आहेत. 31 मेचा ‘ब्लू मून’ म्हणजे इंग्रजी महिन्यातली दुसरी पौर्णिमा, चंद्र निळा होत नाही. आपल्याकडे ती अधिक ज्येष्ठाची पौर्णिमा आहे. 24 डिसेंबरचा ‘सुपरमून’ सरासरी चंद्रापेक्षा व्यासाने जेमतेम आठ टक्के मोठा, शेजारी दुसरा चंद्र ठेवल्याशिवाय हे ओळखता येत नाही. त्याऐवजी अमावस्येजवळच्या शनिवारांची एक ओळ द्या: 17 जानेवारी, 14 फेब्रुवारी, 21 मार्च, 18 एप्रिल, 16 मे, 10 ऑक्टोबर, 7 नोव्हेंबर, 12 डिसेंबर. ज्यांना शहराबाहेर जाऊन आकाशगंगा बघायची आहे त्यांना ही ओळ साऱ्या सुपरमूनपेक्षा उपयोगी पडेल.

तयारी आतापासून करावी अशी एक तारीखही सांगतो: 2 ऑगस्ट 2027. त्या दिवशीचे खग्रास सूर्यग्रहण ईजिप्तमध्ये लक्सरजवळ 6 मिनिटे 23 सेकंद टिकेल, आणि ‘जग सहा मिनिटे अंधारात’ असे संदेश फिरायला सुरुवात झालेलीच आहे. खग्रास पट्टा स्पेनपासून उत्तर आफ्रिका, सौदी अरेबिया, येमेन असा सोमालियाकडे उतरतो. भारताच्या भूमीवरून तो जात नाही. महाराष्ट्रात ग्रहण खंडग्रास असेल, दुपार कलल्यानंतर, आणि बहुतेक ठिकाणी ढगांच्या पडद्याआड. कृपया 2027 च्या चौकटीत हे पहिल्या ओळीत घ्यावे.

आपले नम्र,
काही हौशी आकाशनिरीक्षक, पुणे