सूचना: एनएएमआरसी (नॉर्थ अमेरिकन मॅन्युफॅक्चरिंग रिसर्च कॉन्फरन्स) परिषदेसाठी प्रवास अनुदान

पीएचडी करणाऱ्या आणि नुकतीच पीएचडी झालेल्या सदस्यांसाठी.

जूनमधल्या परिषदेच्या प्रवास अनुदानाचे अर्ज येत्या शुक्रवारी संध्याकाळी ५ पर्यंत गटप्रमुखांकडे द्या. सोबत पेपरचा सारांश, मार्गदर्शकांचं पत्र आणि अंदाजे खर्च. सारांशात ‘नवीन पद्धत’ असं मोघम नको. मिलिंगमध्ये (फिरत्या कटरनं धातू कापताना) टूल किती झिजलं, ते कसं मोजलं, हे लिहा.

• खर्च आधी खिशातून, परतावा नंतर. पावत्या आणि बोर्डिंग पास जपा.
• निधी एनएसएफचा (अमेरिकी सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा), म्हणजे फ्लाय अमेरिका कायदा लागू. तिकीट अमेरिकी विमान कंपनीचंच हवं. अपवाद असतात, पण आधी विचारा. स्वस्त दिसलं म्हणून भलतंच काढू नका.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांना प्राधान्य.