त्या अर्जातले आई-बाप त्रयस्थ नव्हते

संपादक महोदय,

मानवी हक्कांच्या खटल्यांत ‘ज्यांचा काही संबंध नाही’ असे लोक हस्तक्षेप अर्ज (पक्षकार नसताना ‘आमचंही ऐका’ असा अर्ज) घेऊन घुसतात आणि कोर्टाचा वेळ खातात, ही तक्रार हल्ली सारखी कानावर पडते. माझा मुलगा समलिंगी आहे, म्हणून या ‘संबंध नसलेल्यां’बद्दल लिहिते आहे.

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ विरुद्धची याचिका दिल्ली उच्च न्यायालयात नाझ फाउंडेशनची होती. संस्थेचं काम एचआयव्ही प्रतिबंधाचं, त्यामुळे आरोग्याचा मुद्दा पुढे होता. ‘व्हॉइसेस अगेन्स्ट ३७७’ हा संघटनांचा गट हस्तक्षेपकर्ता म्हणून आला आणि पोलिसी छळ सोसलेल्या माणसांची प्रतिज्ञापत्रं कोर्टासमोर आली. विरोधकही हस्तक्षेप करूनच आले होते. त्यांनाही ऐकलं गेलं, ते योग्यच झालं. २ जुलै २००९ ला निकाल आमच्या मुलांच्या बाजूने लागला.

पुढे केंद्र सरकारने अपील केलं नाही. सर्वोच्च न्यायालयात पहिले गेले ते गृहस्थ मूळ खटल्यात पक्षकारही नव्हते. त्यांना दार उघडलं, मग आई-बापांना का नको? देशातल्या काही पालकांनी अर्ज केला आणि त्यांच्या वतीने ज्येष्ठ वकील फली नरिमन उभे राहिले.

११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयात निकाल फिरला, संबंध पुन्हा गुन्हा ठरले. मी मेथी निवडत टीव्हीसमोर बसले होते. संध्याकाळी मुलगा आला, बूट काढले, ‘जेवणार नाही’ म्हणाला आणि खोलीत गेला. नंतर मी तो निकाल त्याच्याकडूनच मागून घेतला आणि शब्दकोश शेजारी ठेवून वाचला. दीडशेहून अधिक वर्षांत या कलमाखाली २०० पेक्षाही कमी लोकांवर खटले झाले, असं त्यात आहे. ‘तथाकथित हक्क’ असाही शब्द आहे. निष्कर्षाच्या भागात पालकांना दिलेलं उत्तर मात्र मला सापडलं नाही.

त्या दोनशेत माझा मुलगा नाही. त्याच्यावर कधी खटला झाला नाही. पण घरमालकाला कुणकुण लागली तेव्हा ‘पोलिसांना कळवू का?’ एवढंच तो म्हणाला, आणि मुलाने डिपॉझिटवर पाणी सोडून रातोरात खोली सोडली. दोन बॅगा आणि एक कुकर घेऊन पहाटे दारात उभा होता. याची नोंद कुठल्या पोलीस ठाण्यात मिळणार? ती कोर्टापर्यंत न्यायची तर कोणीतरी ‘त्रयस्थ’च लागतो, आई, डॉक्टर किंवा एखादी संघटना.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्याच पाच न्यायमूर्तींनी २०१३ चा तो निकाल रद्द केला. न्या. इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं की, दाद मिळायला झालेल्या विलंबाबद्दल इतिहास या समाजाची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागणं लागतो. ‘कुटुंबीयांची’ या शब्दावर बोट ठेवून मी ते वाक्य मुलाच्या वडिलांना दाखवलं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

वेळेचा प्रश्न खराच आहे, पण त्यासाठी दार लावून घ्यायची गरज नाही. दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयात असा नियम आहे की, न्यायमित्र (पक्षकार नसूनही कोर्टाला मदत म्हणून बाजू मांडणारा) म्हणून येणाऱ्याने आपला संबंध काय ते आधी सांगायचं, आपलं म्हणणं इतर पक्षकारांपेक्षा वेगळं आणि कोर्टाला उपयोगी कसं तेही दाखवायचं. दुसऱ्याने मांडलेलं पुन्हा मांडायचं नाही. आपल्याकडेही असा नियम हवा. सोबत आणखी एक हवं. ज्याला हस्तक्षेपाची परवानगी दिली, त्याचं म्हणणं का मानलं किंवा का मानलं नाही, हे निकालात यायलाच हवं, मग तो कुठल्याही बाजूचा असो.

पानांची मर्यादा घालायची तर जरूर घाला. पाच पानं द्या, आम्ही पाच पानांत सांगू.

– एक आई, डोंबिवली
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)