यंदाचं हळदीकुंकू सांदणमध्ये

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझे प्रश्न संपेनात आणि माझ्याऐवजी बाबाच मागून उत्तरं देत होते, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं. पहिलं म्हणजे, फोन लागत नव्हता कारण सांदण दरीत रेंज नसते. तिच्या जवळच्या साम्रद गावातही ती येते-जाते. तेव्हा ‘आई लोकेशन पाठव’ हे पुन्हा लिहू नकोस. आम्ही कुठे होतो ते आमच्या आम्हाला व्यवस्थित माहीत होतं.

हे सगळं निघालं हळदीकुंकवावरून. काका गेल्यापासून माईमावशी हळदीकुंकवाला येत नाही. मी दर संक्रांतीला बोलावते. ती येते, दुपारभर तिळाच्या वड्या थापून देते आणि बायका यायच्या वेळेला ‘जरा पडते’ म्हणून आतल्या खोलीत जाते. मी आग्रह करते, ती हसते, विषय संपतो. यंदा वैशालीकाकू म्हणाली, घरात घालायचंच नाही हळदीकुंकू, रथसप्तमीच्या आत सगळ्याजणी सांदण दरी उतरून येऊ. तिथे कोण कोणाला काय लावतंय! तिचा भाचा तिथे ट्रेक नेतो, त्यामुळे दोर, हेल्मेट, वाटाड्या सगळी सोय होती. माई, मी, छायामावशी, वैशालीकाकू, बँकेतली मंजिरी आणि शैलाकाकू. शैलाकाकू आयुष्यभर नर्स होती, ती असली की मला निम्मी भीती कमी वाटते. कसारा लोकलमध्ये लेडीज डब्यात तिळगूळ वाटला. वैशालीने वाण म्हणून सगळ्यांना गळ्यात अडकवायच्या शिट्ट्या दिल्या. माईने तिची तिथल्या तिथे जोरात वाजवून पाहिली. अख्खा डबा दचकला.

कसाऱ्याहून जीप. इगतपुरी, घोटी, मग बारी, जिथून कळसूबाईला चढतात. पुढे शेंडीला भंडारदऱ्याचं धरण, १९२६ साली पुरं झालेलं, आणि जलाशयाच्या कडेकडेने साम्रद. रात्री एका घरी उतरलो. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, वर वाफाळता भात. घरातल्या मावशींना विचारलं, तुम्ही किती वेळा गेलात खाली? त्या म्हणाल्या, ‘आम्ही कशाला जातोय? आमच्या शेरड्यांना सुद्धा नाही तिथं काम.’ थंडी अशी होती की मंजिरीने स्वेटरवर शाल, शालीवर माझी चादर घेतली आणि तरी ती कुडकुडत होती.

आता दरीबद्दल. तू आम्हाला ॲरिझोनात ग्रँड कॅन्यन दाखवलास तेव्हा आपण माथर पॉइंटच्या कठड्याला टेकून उभे होतो. समोर सगळे पट्टेच पट्टे, तांबडे, पिवळट, करडे. वरचा चुनखडक सत्तावीस कोटी वर्षांचा, तळचा पावणेदोनशे कोटींच्या घरातला, आणि ते सगळं कोलोरॅडो नदीने कापलेलं. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. पण लांबून आवडलं. खाली जाणाऱ्या वाटेवर माणसं आणि खेचरं मुंगीएवढी दिसत होती. मी विचारलं, आपण थोडं उतरू या का? तू म्हणालास, ‘आई, गुडघे.’ मग आपण कॉफी प्यायलो.

सांदणला कठडा नाही. साम्रदहून शेतातून पंधरा-वीस मिनिटं चालायचं, आणि सपाट पठाराला एक चीर पडलेली दिसते. तीच दरी. जेमतेम दोन किलोमीटर लांबीची. तुझ्या कॅन्यनपुढे ती काहीच नाही, पण तिच्यात शिरावंच लागतं, दुसरा इलाज नाही. दोन्हीकडे बसाल्टचा काळा कातळ, सह्याद्री ज्या लाव्ह्याचा झाला तोच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात पडलेली भेग पावसाच्या पाण्याने खोल खोल नेली. भिंती दोनशे-तीनशे फूट चढत जातात आणि काही ठिकाणी इतक्या जवळ येतात की छायामावशीने हात पसरले तर दोन्ही तळवे कातळाला टेकले. आकाशाची वर एक पट्टी. भर सकाळी आत संध्याकाळ.

सुरुवातीलाच पाण्याचे दोन डोह. पहिल्यात गुडघाभर, दुसऱ्यात आम्हाला कमरेच्या वर लागलं. बूट गळ्यात, सॅक डोक्यावर, आणि पाणी असलं गार की शब्द फुटेना. मधोमध उभं राहून शैलाकाकूने रामरक्षा सुरू केली. थंडीने दात वाजत होते, त्यामुळे ती कोणत्या श्लोकावर आहे ते रामालाच कळत असेल.

पुढे धोंडे. खोलीएवढे, काही घराएवढे, वरून कधीतरी निसटून खाली येऊन अडकलेले. त्यांच्यावरून चालायचं म्हणजे चालणं कमी आणि बसून घसरणं जास्त. माझ्या पँटची मागची बाजू आता पुसण्याच्याही लायकीची राहिलेली नाही. या टप्प्यात मला एक गोष्ट फार बरी वाटली. कोणीही ‘जमतंय ना?’ असं विचारत नव्हतं. एक थांबली की सगळ्या थांबत. बाबांबरोबर किंवा तुझ्याबरोबर चालताना मला दर वेळी थांबण्याचं कारण सांगावं लागतं, आणि मग ते कारण गुडघ्याच्या खात्यात जमा होतं. खरं म्हणजे मला कधी कधी नुसतं बघायचं असतं.

आणखी एक, तुला लिहायला मला आता संकोच वाटत नाही. बायका बाहेर पडल्या की पाणी पीत नाहीत, कारण जायचं कुठे हा प्रश्न. शैलाकाकूने आदल्या रात्रीच तंबी दिली होती, दर तासाला सगळ्यांनी पाणी प्यायचं, बाकीचं मी बघते. तिने बघितलं. दोघींनी ओढणी धरायची, वाटाड्या पोरांना पुढच्या वळणावर पाठवायचं, मिटलं. तिकडे कॅन्यनच्या वाटेवर मधेमधे संडास बांधलेत असं तू सांगितलं होतंस. ते मला त्या पट्ट्यांइतकंच महत्त्वाचं वाटतं.

मग दोर. दरी एका ठिकाणी तुटते, तो पहिला मोठा टप्पा, साधारण पंचेचाळीस फुटांचा. कमरेला-मांड्यांना पट्ट्यांचा हार्नेस घालायचा, कमरेशी कॅराबिनर म्हणजे धातूची कडी, त्यात दोर, खाली एकजण दोर धरून उभा. आपण पाठमोरं व्हायचं आणि मागे झुकायचं. सगळी गोम त्या झुकण्यात आहे. शरीर म्हणतं कातळाला चिकट, आणि चिकटलं की पाय सटकतात. पाय सपाट टेकवून मागे पोकळीत बसलं तरच पकड मिळते. मंजिरी मागे सरली, छाया म्हणाली आधी दुसरं कोणी जा. माईने वाटाड्या पोराला विचारलं, ‘बाळा, हा दोर किती वजन पेलतो?’ तो म्हणाला, ‘आजी, दोन हजार किलोच्या वर.’ माई म्हणाली, ‘मग आम्ही सगळ्या एकदम उतरलो तरी चालेल,’ आणि तिनेच पहिला नंबर लावला. सलवारीवर हार्नेसचे पट्टे आवळलेले, डोक्यावर भगवं हेल्मेट. मध्यावर ती थांबली. मला वाटलं अडकली. तर ती शिट्टी वाजवत होती. दरीत त्या शिट्टीचा आवाज कितीतरी वेळ फिरत राहिला आणि वरून आम्ही पाचही जणींनी आमच्या वाजवल्या.

तुला पावसाची काळजी वाटत होती, तर ती मलाही होती. ॲरिझोनातल्या पेज गावाजवळच्या अँटिलोप कॅन्यनमध्ये, त्याही अशाच चिंचोळ्या दरीत, आपल्याला सांगितलं होतं ना, १९९७च्या ऑगस्टमध्ये पाऊस मैलोगणती लांब पडला आणि लोंढ्याने तिथले अकरा पर्यटक गेले. मी साम्रदच्या माणसांना पुन्हा पुन्हा विचारलं. त्यांचं उत्तर सरळ होतं, पावसाळ्यात आम्ही कोणाला आत उतरू देत नाही, कारण ही वाट पाण्याची आहे. तुझे मित्र सुट्टीवर आले की जूनमध्ये जायचं म्हणतात. त्यांना दिवाळीनंतर या म्हणावं.

तळाशी तंबूत मुक्काम केला आणि सकाळी कोकणात डेहण्याला उतरलो. उतरताना आजोबाचा डोंगर समोर होता. त्या भागात मानतात की वाल्मिकींचा आश्रम तिथे होता, लव-कुश त्यांना आजोबा म्हणत, आणि वर कड्यात सीतेचा पाळणा आहे. हे ऐकून माई म्हणाली, ‘तिलाही कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नसणार.’ मग आम्ही इतक्या हसलो की वाटाड्या पोरं मागे वळून बघायला लागली. आसनगावहून लोकल पकडली. बसायला जागा मिळाली, हाही एक चमत्कारच.

गुडघे दुखताहेत. चार दिवस जिना उतरताना कठडा धरत होते, आता ठीक आहे. आणि मला कळतंय की सांदण उतरून तळाशी सुटतं, तुमच्या कॅन्यनमध्ये उतरलेलं सगळं पुन्हा चढावं लागतं, तेही तेराशे मीटरच्या वर. म्हणून आधी कळसूबाई करणार आहोत, शिड्यांसकट.

ग्रँड कॅन्यनच्या तळाशी फँटम रँच म्हणून मुक्कामाची जागा आहे, तिथे राहायला पंधरा महिने आधी लॉटरीत नाव घालावं लागतं म्हणतात. ते तू कर. उन्हाळा सोडून कुठलाही महिना चालेल, खाली चाळिशीच्या वर तापमान जातं म्हणे. सहाजणींची नावं घाल, पहिलं माईमावशीचं. तिच्याकडे पासपोर्ट नाही, छाया या आठवड्यात तिचा अर्ज भरते आहे. बाबांचं घालू नकोस. त्यांना विचारून झालंय, ते वर कॉफी पीत बसणार आहेत.

तुझी,
आई