आपत्कालीन संच आधी अंधारात उघडून पाहावा

मा. आपत्ती व्यवस्थापन मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

प्रत्येक घरात ७२ तास पुरेल असा आपत्कालीन संच असावा, हे आवाहन योग्यच आहे. १९९५ च्या जपानमधील कोबे भूकंपात ढिगाऱ्याखालून सुटलेल्या बहुसंख्य लोकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढले होते. माझे म्हणणे संचातील वस्तूंविषयी आहे.

एका वादळी रात्री वीज गेली, तेव्हा आम्ही विकत आणलेला संच प्रथमच उघडला. टॉर्चमध्येच राहिलेले सेल पाझरून स्प्रिंगवर पांढरट थर चढला होता. पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्यांवरील अक्षरे इतकी बारीक होती, की माझ्या आईला ती दिवसाउजेडीही वाचता आली नसती. रक्तस्राव थांबवण्यासाठी आवळायचा पट्टाही होता. मात्र तो जखमेच्या वर बांधायचा की खाली, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते, आणि त्या रात्री कोणी जखमी असते तर काय झाले असते, हा विचार अजून मनातून जात नाही.

प्रशिक्षण नसलेल्या माणसाच्या थरथरत्या हातांना जे वापरता येईल, तेच संचात असावे. त्या पट्ट्याआधी जाड स्वच्छ कापड हवे आणि सोबत ठळक अक्षरांत सूचना हवी: ‘जखमेवर घट्ट दाबून धरा, मध्येच उचलून पाहू नका.’ गॅसगळतीची शक्यता असल्याने मेणबत्ती नको, टॉर्चच हवा, आणि त्याचे सेल वेगळे ठेवलेले हवेत. ओरडून घसा बसतो, म्हणून शिट्टी हवी. रोजची औषधे आणि कागदावर लिहिलेले फोन क्रमांकही हवेतच.

पाण्याचा हिशेब तर लोकांना स्पष्टच सांगायला हवा. माणशी दिवसाला सुमारे ४ लिटर धरले, तर चौघांसाठी तीन दिवसांचे ४८ लिटर, म्हणजे ४८ किलो वजन होते. ते घेऊन कोणीही जिना उतरू शकणार नाही. घरात ठेवायचा साठा आणि उचलून न्यायची पिशवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्या याद्याही वेगळ्याच असाव्यात.

आपणांस विनंती आहे, की कोणतीही यादी प्रसिद्ध करण्यापूर्वी तो संच वृद्धांसह काही सामान्य माणसांच्या हाती, रात्री, दिवे मालवून द्यावा. ते जिथे अडतील ती वस्तू वगळावी, किंवा तिच्यावर मोठ्या चित्रांत कृती छापावी. त्या चाचणीला आमचे कुटुंब आनंदाने येईल.

आपला विश्वासू,
एक नागरिक