शिक्षेचा हिशेब

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

गुन्हे वाढले की शिक्षा कडक होतात, यात आणखी समजून घेण्यासारखे काय आहे, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. उत्तराला उशीर झाला, कारण तुझे वाक्य जितके सरळ आहे तितका शिक्षेचा इतिहास सरळ नाही.

ॲमस्टरडॅममध्ये १५९६ साली पुरुषांसाठी एक सुधारगृह उघडले. तेथे दोघे कैदी अनेक पात्यांच्या जड करवतीची दोन टोके धरून ब्राझीलवुड नावाचे टणक लाकूड किसत बसत. त्या तांबड्या भुकटीने कापड रंगवले जाई आणि ती तयार करण्याचा मक्ता शहराने सुधारगृहालाच दिला होता. एरवी ज्याला फटके मारून हाकलून दिले असते किंवा फासावर चढवले असते, त्याला राबवून घेण्याची कल्पना निव्वळ दयेपोटी सुचली, असे मला वाटत नाही. व्यापार भरात होता आणि कामाच्या हातांना मोल आले होते.

ब्रिटनने १७१८ च्या कायद्याने गुन्हेगारांना अमेरिकन वसाहतींत धाडण्याची पद्धतशीर सोय केली. तिकडे स्वातंत्र्ययुद्ध पेटताच ती वाट बंद झाली, १७७६ पासून थेम्स नदीतल्या मोडक्या जहाजांत कैदी कोंबले जाऊ लागले आणि १७८८ मध्ये कैद्यांचा पहिला तांडा ऑस्ट्रेलियाला पोहोचला. चोऱ्या त्याच होत्या. साम्राज्याची हद्द तेवढी बदलली होती. अमेरिकेच्या दक्षिणेत तर १८६५ नंतर गुलामगिरी गेली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीच्या श्रमाला घटनादुरुस्तीतच मुभा राहिली. मग बेकार भटकणे हाच गुन्हा ठरवून पकडलेली कृष्णवर्णीय माणसे मळेवाल्यांना आणि खाणमालकांना भाड्याने दिली गेली.

येथपर्यंत सारे श्रमाच्या बाजारभावाने उलगडते, आणि पुढे नेमके तेच अपुरे पडते. अमेरिकेच्या राज्य व संघीय तुरुंगांत १९७२ मध्ये सुमारे दोन लाख कैदी होते; २००९ पर्यंत ते सोळा लाखांवर गेले. कारखाने बंद पडत असताना या माणसांच्या श्रमाची फारशी कोणाला गरज नव्हती, आणि १९९० च्या दशकात गुन्हे घटू लागल्यावरही तुरुंग भरतच राहिले. रोजगार आणि कल्याणकारी मदत यांतून अंग काढून घेणाऱ्या राज्याला आपले बळ दाखवायला शिक्षा हेच सोपे साधन उरले होते, असे माझे मत आहे. २००८ च्या मंदीनंतर तिजोरी आटली, तेव्हा कालपर्यंत कडक शिक्षेची भाषा करणारेही कैद्यामागचा खर्च मोजू लागले, हे मला विशेष बोलके वाटते.

तरीही हे अटळ नव्हते. फिनलंडमध्ये १९५० साली लाखामागे १८० हून अधिक कैदी होते, शतक संपताना ते साठच्या आसपास आले, आणि तेथील गुन्ह्यांचा आलेख शेजारी देशांपेक्षा फारसा वेगळा गेला नाही. मात्र हा बदल मुख्यतः कायदेतज्ज्ञ आणि अधिकारी यांनी घडवला, निवडणुकीच्या सभांनी नव्हे. लोकांना बाजूला ठेवून ठरवलेले धोरण तुला खटकेल, याची मला कल्पना आहे. मलाही ते थोडे खटकते. यावर मात्र सविस्तर लिही, दोन ओळींत उरकू नकोस.

तुझा,
माधव