कादंबरीतलं कुठलं, महाभारतातलं कुठलं?

संपादक महोदय,

महाभारतावरच्या कादंबऱ्यांची सध्या चलती आहे. त्यांतल्या कल्पनेबद्दल माझी तक्रार नाही. शकुंतलेच्या कथेत दुर्वासांचा शाप आणि हरवलेली अंगठी कालिदासानेही पदरची घातली. आदिपर्वातल्या दुष्यंताला सगळं आठवत असतं, तरी तो भर सभेत ‘आठवत नाही’ म्हणतो. आज मात्र मूळ ग्रंथ कुणी उघडत नाही आणि कादंबरीकाराने रचलेलं वाक्य व्यासांच्या नावावर जमा होतं.

‘आंधळ्याचा मुलगा आंधळाच’ हे द्रौपदीच्या तोंडचं वाक्य घ्या. वक्तृत्व स्पर्धांत युद्धाचं कारण म्हणून ते हमखास येतं. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत (म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या संहितेत), सभापर्वाच्या ४३व्या अध्यायात, दुर्योधन मयसभेतल्या पाण्यात पडतो. सेवक हसतात, भीम, अर्जुन, नकुल, सहदेव हसतात आणि राजाज्ञेने त्याला कोरडी वस्त्रं मिळतात. द्रौपदीचं नावही नाही. पुढे ४६व्या अध्यायात दुर्योधन धृतराष्ट्राला सांगतो, की कृष्ण अर्जुनासह हसला आणि द्रौपदीही स्त्रियांसह हसली. कृष्ण तर त्याआधीच द्वारकेला निघून गेलेला! दुखावलेला माणूस अपमान कसा वाढवून सांगतो, हे मुळातच इतकं धारदार आहे, की त्या उसन्या वाक्याची गरजच काय?

स्वयंवराचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. कर्णाला उद्देशून द्रौपदीचं ‘मी सूताला वरणार नाही’ हे वाक्य नीळकंठी पाठात सापडतं. (नीळकंठी पाठ म्हणजे टीकाकार नीळकंठ चतुर्धर यांनी टीकेसाठी घेतलेली संहिता; ते मूळचे कोपरगावचे, काशीत स्थायिक झालेले.) चिकित्सक आवृत्तीने मात्र ते मुख्य संहितेतून काढलं. तिथे जमलेले ब्राह्मण म्हणतात, कर्ण, शल्य यांच्यासारख्यांनाही हे धनुष्य वाकवता आलं नाही. लेखकाने कुठलाही पाठ घ्यावा, पण कुठला घेतला ते सांगावं. कर्णाच्या पत्नीचं ‘वृषाली’ हे नावही कादंबरीतूनच रुळलं. उद्योगपर्वात कर्ण कृष्णाला एवढंच सांगतो, की अधिरथाने माझी लग्नं लावली, मला मुलं-नातवंडं झाली.

पडताळणी अवघड नाही. पुण्यात १९१९ ते १९६६ या काळात १२५९ हस्तलिखितं पडताळून ही आवृत्ती सिद्ध झाली. पानावर वर संहिता, खाली पाठभेद. वगळलेल्या ओळींना तारांकित क्रमांक आणि लांबलचक मजकूर परिशिष्टात. एखादा प्रसंग वर नसेल तर तारांकित ओळी पाहाव्यात, परिशिष्ट पाहावं आणि तो कुठल्या हस्तलिखितांत आहे ते वाचावं. तिथेही नसेल, तर तो कीर्तनातून, मालिकेतून किंवा आधीच्या कादंबरीतून आलेला असण्याची शक्यता मोठी. एक खबरदारी मात्र हवीच: नीळकंठी पाठातले अध्यायांचे आकडे चिकित्सक आवृत्तीशी जुळत नाहीत. आवृत्तीचं नाव न देता नुसता ‘आदिपर्व, अमुक अध्याय’ लिहिला, की वाचक भलतंच पान उघडतो.

म्हणून प्रकाशकांना विनंती, की पुस्तकाच्या शेवटी दोन पानं टिपणासाठी ठेवावीत. आधाराला घेतलेली आवृत्ती, मुख्य प्रसंगांचे पर्व-अध्याय आणि पूर्णपणे कल्पित पात्रांची नावं एवढं त्यात पुरे. प्रसंगांचा क्रम बदलला असेल तर तेही नोंदवावं. वाचकाचा सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. आणि वक्तृत्व स्पर्धांच्या आयोजकांनी महाभारताचा दाखला देणाऱ्या स्पर्धकाला पर्व आणि अध्याय विचारायला सुरुवात करावी.

– महाभारताचा एक अभ्यासक, पुणे